कशालाच न जोडलेलं खोकं

गल्लीत सगळे तिला अर्थिंगबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे इतकंच, पण तिला ते माहीत होतं, आणि मनातून तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नसे.

ती कुणाकडे गेली की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीवरचे सॉकेट बघून घेई. यजमानीण आत वळायचा अवकाश, बाईंच्या पर्समधून टेस्टर निघालाच. एका भोकात दिवा पेटला, दुसऱ्यात नाही पेटला, की तिचा चेहरा जरा सैल होई. मग फ्रिज, मग गिझर. "तुमच्या फ्रिजला अर्थिंग नाहीये हो," हे ती अशा आवाजात सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणीतरी गेलं आणि आपल्यालाच ते उशिरा कळतंय.

हे सगळं सुरू झालं एका वॉशिंग मशीनपासून. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. ओल्या हाताने मशीनच्या पत्र्याला टेकली आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, वय व्हायला लागलं की येतात मुंग्या." तिने त्याचा हात धरला, नळाखाली ओला केला आणि मशीनवर ठेवला. तो टुणकन उडाला आणि चप्पल तिथेच राहिली. "वयच ते," ती म्हणाली. त्या दिवशी टेस्टर पर्समध्ये गेला तो गेलाच.

आणि नेमकं अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीला विजेच्या वस्तू उघडून त्यांच्या पोटात हात घालायचा नाद लागावा!

लेकीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं कंपनीत काढली आणि मग स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. ती बाहेर गाळा घेणार होती. पण बाईच म्हणाली, "गाळ्यातली वायरिंग कुणी केली, कधी केली, कोण जाणे. घरातली मी निदान तपासलेली तरी आहे." मागची खोली रिकामी झाली, तिथे मोठं टेबल आलं. लेकीने एकच अट घातली. "आई, टेबलाला हात लावायचा नाही. ज्या दिवशी लावशील, त्या दिवशी मी गाळा शोधायला बाहेर पडेन."

बाईने अट मान्य केली. लेक डोळ्यांसमोर नाही तर निदान कानांसमोर राहणार होती, आणि त्यासाठी ती काहीही मान्य करायला तयार होती.

तेव्हापासून स्वयंपाकघरात तिचे हात कामात आणि कान मागच्या खोलीत. सकाळी काम सुरू करताना लेक मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवी, तेव्हा 'टूं' असा आवाज होई. मग ती त्याच पिना कुठेतरी लावी, तेव्हा आवाज होत नसे. हे काय चाललंय ते बाईला कळत नसे, पण 'टूं' वाजलं की दिवस सुरू झाला हे कळे. मग पंख्याची घरघर, स्क्रू पडल्याचा आवाज, लेकीची शीळ. शीळ थांबली की ही हाक मारी.

"आहेस का गं?"

"आहे!"

थोड्या वेळाने पुन्हा. "आहेस ना?"

"नाही! गेले!"

"असलं अभद्र बोलू नकोस!"

सुरुवातीला लेक तिला समजावून सांगत असे. ती रबरी चटईवर, लाकडी स्टुलावर बसून एकाच हाताने काम करी आणि दुसरा हात पाठीमागे ठेवी. बाईला वाटलं, पोरीची पाठ दुखते. "तसं नाही आई," लेक म्हणाली, "दोन्ही हात आत घातले आणि चुकून लागला करंट, तर तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो. एक हात लांब ठेवला की ती वाट बंद." लेकीला वाटलं, हे ऐकून आईला धीर येईल. आईला पुढे बरेच दिवस घास गिळवेना. नवरा लेकीला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या आईला धीर द्यायचा असेल तर काही सांगत जाऊ नकोस." लेकीने ते मनावर घेतलं आणि समजावून सांगणं बंद केलं.

म्हणूनच टेबलाखालच्या त्या जड खोक्याबद्दल बाईला कुणी काही सांगितलं नव्हतं.

खोकं लोखंडी होतं, करड्या रंगाचं, चालू असलं की पोटातल्या पोटात गुणगुणणारं. त्याची एक वायर भिंतीत जाई आणि त्याच्या अंगावर एक सॉकेट होतं. दुरुस्तीला आलेली वस्तू लेक नेहमी त्याच सॉकेटला लावी, भिंतीला कधीच नाही. आता खोकं टेबलावर नव्हतं, जमिनीवर होतं. टेबलाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. जमिनीबद्दल काहीच ठरलं नव्हतं, आणि जमीन झाडायची तर खोकं सरकवायला नको? लेक सामान आणायला बाहेर गेलेली असताना बाईने खोकं सरकवलं. सरकवलंच आहे तर टेस्टरही लावून बघितला.

पहिल्या भोकात दिवा नुसता मिणमिणला. दुसऱ्यातही तेवढाच. आणि टेस्टरनेच स्क्रू काढून डोकावलं तर तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकाला आतून तारच नव्हती. नुसतं शोभेचं भोक!

साऱ्या गल्लीचं अर्थिंग आपण तपासत फिरलो आणि आपल्याच पोटची पोर बिनअर्थिंगच्या खोक्यावर काम करतेय!

वायरमनला निरोप गेला. वायरमन तिला बिचकूनच होता, कारण तिच्या घरी येऊन तो एका कामात कधी सुटला नव्हता. खोकं बघून त्याने डोकं खाजवलं.

"बाई, हा वेगळ्या प्रकारचा ट्रान्सफॉर्मर दिसतोय. याला असंच असतं बहुतेक."

"बहुतेक? माझी मुलगी 'बहुतेक'वर हात ठेवून काम करते का?"

"तसं नव्हे, पण ताईंना एकदा विचारून..."

"ताईला विचारलं की ताई म्हणेल, आई, तू जा. तुम्ही तार जोडा."

त्याने तिसऱ्या भोकाला तार जोडून ती अर्थिंगला नेली. बाईने टेस्टर लावला. अजून दोन्हीकडे मिणमिणच.

"बघा! घरातल्या सगळ्या सॉकेटमध्ये एका भोकात लख्ख पेटतो, दुसऱ्यात मुळीच नाही. इथेच का हे असं?"

वायरमनने घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "यातलं एक टोक अर्थिंगला बांधलं की पेटेल तुम्हाला हवा तसा. बांधू? नंतर मला बोलायचं नाही."

"बांधा."

त्याने बांधलं. टेस्टर एका भोकात लख्ख पेटला, दुसऱ्यात मेल्यासारखा. बाईला इतकं हलकं वाटलं की तिने वायरमनला दारापर्यंत सोडलं आणि दुसरं कुठलंच काम सांगितलं नाही. खोकं होतं तिथे सरकलं. लेकीला सांगायचं कशाला? उगीच चिडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दातांचे डॉक्टर आले, कडेवर मूल घ्यावं तसा त्यांच्या खुर्चीला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, घेऊन. डॉक्टर काकुळतीला आले होते.

"खुर्ची पूर्ण वर गेली, आडवी झाली आणि तिथेच अडकली," ते लेकीच्या मागे मागे जात सांगू लागले. "पेशंटला स्टुलावरून वर चढवतोय. काल एक आजोबा उतरताना घाबरले आणि माझ्या गळ्याला मिठी मारून बसले. दात राहिला बाजूला, सोडवताना माझीच मान लचकली."

"बसा डॉक्टर. बघते."

डॉक्टर बसले नाहीत. लेक काम करत असताना तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले आणि बोलत राहिले. बाई बाहेर भाजी निवडत होती. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना.

लेकीने सप्लाय उघडला, त्याची वायर खोक्याला लावली, स्कोप चालू केला. स्कोप म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्याच्या वायरीला पुढे एक टोकदार सळई आणि बाजूला मगरीच्या तोंडासारखा छोटा चिमटा. लेकीने डावा हात मागे घेतला आणि उजव्या हाताने चिमटा सप्लायच्या आत एका ठिकाणी लावला.

फाट्!

निळा जाळ, काळा धूर, करपट वास. बाई भाजीच्या ताटासकट उठली. दाराआड लाकडी दांड्याचा एक झाडू खास याच प्रसंगासाठी ठेवलेला होता. माणूस विजेला चिकटलं की त्याला हाताने ओढायचं नाही, लाकडाने ढकलायचं, हे तिने कुठेसं वाचलं होतं. झाडू घेऊन ती आत शिरली. लेक स्टुलावर मागे सरकून बसली होती. टेबलाजवळ डॉक्टर ताठ उभे, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. बाईने मागचापुढचा विचार केला नाही. दांडा डॉक्टरांच्या पोटात खुपसून त्यांना भिंतीपर्यंत नेलं.

"काही होत नाही, काही होत नाही," डॉक्टर सवयीने म्हणत होते. "झालंच हं आता."

"आई! त्यांना सोड! त्यांना काही झालेलं नाही!"

"मग तोंड कशाला उघडं ठेवलं यांनी?"

घरातले दिवे मात्र शांतपणे जळत होते. लेकीला खरचटलंही नव्हतं. चिमट्याचं तोंड जळून काळं पडलं होतं, सप्लायमधले दोन-तीन भाग आणि फ्यूज उडाले होते. डॉक्टर पोट चोळत गेले. जाताना म्हणाले, "संध्याकाळपर्यंत होईल ना? त्या आजोबांना मी परत बोलावलंय."

लेकीने उडालेले भाग बदलले, पण शीळ नाही, काही नाही. "असं होऊच शकत नाही," एवढंच ती स्वतःशी म्हणाली. "खोक्यातला ट्रान्सफॉर्मरच गेला आतून. आता दुसरा येईपर्यंत काय करू?"

तेवढ्यात दोनपिने दारात उभे. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. कोपऱ्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक प्लगची तिसरी पिन ते कापून टाकत, म्हणून हे नाव. आवाज ऐकून ते चौकशीला आले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"चिमटा उडाला ना? सांगत होतो मी. स्कोपची तिसरी पिन काप. मी सगळ्यांच्या कापतो. परत फाट् होणार नाही."

"मग स्कोपच्या पत्र्यात वीज येते, काका."

"येईना. हात नाही लावायचा. मी लावतो का?"

"मग अंगठ्याला काय झालंय तुमच्या?"

दोनपिन्यांनी अंगठा मुठीत लपवला. "ते वेगळं आहे."

एरवी लेकीने त्यांना हसून वाटेला लावलं असतं. पण आज तिचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला होता. तिने स्कोपची वायर भिंतीतून काढली. कटर उचललं. "एकदाच," ती म्हणाली. "खुर्ची खाली आली की लगेच नवीन प्लग बसवीन."

बाई दारातच होती. "पत्र्यात वीज येते म्हणजे?"

"आई, आत्ता नको."

"म्हणजे काय पण?"

लेकीचा बांध फुटला. इतके दिवस न सांगितलेलं सगळं ती एका दमात बोलली. "ऐक मग. हा चिमटा स्कोपच्या पत्र्याला जोडलेला, आणि पत्रा तिसऱ्या पिनेतून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला. सप्लायच्या आत थेट भिंतीतली वीज असते. तिला चिमटा लावला की ती सरळ जमिनीकडे पळते. ते हे फाट्. म्हणून वस्तू भिंतीला लावायची नाही, या खोक्याला लावायची. खोक्यातून जी वीज बाहेर येते ती कशालाच जोडलेली नसते. जमिनीशी तिचं काही नातंच नाही, त्यामुळे चिमटा लावला तरी तिला पळायला वाट नाही. जोडलेलं नाही, हीच तर त्या खोक्याची सगळी करामत! पण कुठेतरी आतून फुटून ते जमिनीला जोडलं गेलंय."

अर्थिंग म्हणजे सुखरूप, एवढं एकच तिला आयुष्यभर ठाऊक होतं, आणि इथे तर सगळं उलटंच होतं.

बोलावं तर टेबल घरातून जाणार. न बोलावं तर पोर त्या कापलेल्या पिनेच्या यंत्राशी हात घालून बसणार. तिने मधली वाट शोधून पाहिली.

"आणि समजा... कुणी बाहेरून जोडलं असेल तर?"

"कोण जोडेल? वेड लागलंय का कुणाला?"

बाहेरच्या खोलीत पेपर सळसळला. नवऱ्याने तो चेहऱ्यासमोर जरा उंच धरला असावा.

कटरचं तोंड पिनेवर बसलं.

"थांब!" बाई ओरडली. "मी जोडलं! म्हणजे वायरमनने. पण मीच उभं राहून जोडून घेतलं. तो नको म्हणत होता."

लेकीने कटर खाली ठेवलं. दोनपिने म्हणाले, "मी निघतो," आणि खरंच निघाले, पण सावकाश, कान मागे ठेवून.

"टेबलाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं," लेक हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"टेबलाला नाही लावला. ते खाली होतं." हे बोलताना तिचं तिलाच पटेना. आणि त्याच क्षणी तिला कळलं, की सकाळपासून काय चुकल्यासारखं वाटत होतं. "पण आज 'टूं' कुठे वाजलं? रोज सकाळी तुझं ते मीटर वाजतं. आज वाजलंच नाही."

लेकीने टेबलावरच्या मीटरकडे बघितलं. त्या 'टूं' नंतरच्या पिना ती रोज खोक्यालाच लावत असे, ते जमिनीला कुठे जोडलं तर गेलं नाही ना, हे बघायला. आज डॉक्टर बोलत राहिले आणि ते राहून गेलं.

"नाही तपासलं," ती म्हणाली. "माझंही चुकलं."

"मग झालं तर," नवरा बाहेरून म्हणाला, "फिटंफाट झाली एकमेकींची."

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदम म्हणाल्या.

लेकीने खोकं उघडून दोन्ही तारा काढल्या. मीटर लावलं. ते वाजलं नाही. मग तिने तोच चिमटा त्याच जागी लावला, आणि काहीच झालं नाही. पडद्यावर नुसती हिरवी लाट उठली. बाई दारात उभी होती. काहीच न होणं इतकं सुंदर असू शकतं हे तिला नवीन होतं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला की खुर्ची खाली आली. आजोबा तेव्हा खुर्चीतच होते, ती खाली येताना मात्र परत घाबरले.

जेवताना लेक म्हणाली, "आई, मी गाळा बघतेय."

बाईने मान हलवली.

"रागाने नाही गं. आज चिमटा जळला. खोकं सरकवताना तुझा हात कुठे पडला असता तर? मी आत बसून तू बाहेर काय करतेयस याची काळजी करायची, तू बाहेर बसून माझी. दोघींपैकी एकीने तरी हातातल्या कामाकडे बघायला नको?"

बाईने लेकीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

लाँड्रीच्या वर एक खोली मिळाली. टेबल गेलं, स्कोप गेला, खोकं तर दोघांनी उचलून नेलं. मागच्या खोलीत जमिनीवर टेबलाच्या पायांचे चार ठसे राहिले. बाई भाजी निवडताना सवयीने हाक मारी, "आहेस का?" आणि बाहेरून नवरा म्हणे, "आहे!"

"तुम्हाला कोण विचारतंय?"

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी लेकीचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"आई, इथल्या सॉकेटला अर्थिंग नाहीये. तिसरं भोक नुसतंच आहे. स्कोपला ते हवंच, त्याशिवाय मी काम सुरू करू शकत नाही. घरमालकाला रोज सांगते, तो हो हो म्हणतो आणि इस्त्री फिरवत राहतो. मला नाही गं भांडता येत. तू..."

फोन ओट्यावर तसाच बोलत राहिला. बाई जिन्यात पोचली होती.

लाँड्रीवाला इस्त्री फिरवतच होता. "अहो बाई, वर्षानुवर्षं ही खोली भाड्याने जातेय, कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला कुणी उरलंच नसेल."

"तसं काही नाही हो! आणि तुमच्याच घरी म्हणे अर्थिंग जोडल्यामुळे फाट् झालं. ते दोनपिने सांगत होते. मग आता उलटं कशाला सांगताय?"

"ते खोक्याचं! खोक्यातून जी वीज बाहेर येते ती जोडायची नाही. भिंतीतल्या सॉकेटला जोडायचंच. स्कोपला हवं, तुमच्या या इस्त्रीलाही हवं. तिला तरी आहे का?"

लाँड्रीवाल्याने इस्त्रीकडे बघितलं आणि ती उभी करून ठेवली. "म्हणजे जोडू की नको?"

"जोडा!"

त्यानंतरही ती बोलत राहिली. ओलं कापड, गरम लोखंड आणि माणसाचं हृदय यावर तिने त्याला इतकं काही ऐकवलं की शर्टांचा ढीग तसाच राहिला आणि गिऱ्हाइकं दाराशी थबकून ऐकू लागली. शेवटी त्याने हात जोडले आणि आपल्या ओळखीच्या एका वायरमनला बोलावून घेतलं.

वायरमन आला. सगळे वर गेले. लेकीने आईकडे बघितलं. "आता मी सांगेन तेवढंच हे करतील. तू मधे बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. वायरमनने भिंत फोडली, तार ओढली, पिना कसल्या. त्याने एकदा स्क्रू पूर्ण आवळला नाही असं तिला वाटलं. तिने ओठ दाबून धरले, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. लेकीनेच तो स्क्रू पुन्हा आवळायला लावला. बाईने छताकडे बघितलं.

काम संपलं तरी तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. लाँड्रीवाला मघापासून तिच्याकडे काळजीने बघत होता. न राहवून तो लेकीच्या कानाशी वाकला.

"ताई, आईंना बरं वाटत नाहीये का? डॉक्टरांना बोलवू?"